पॅचरी : गोऱ्या पलटणीतला महारवाडा

छावणीचा इतिहास आपल्यापर्यंत दोन वाटांनी आला. एक साहेबाच्या वाटेनं. त्यात परेड, बँड, घोड्यांच्या शर्यती, जिमखाना आणि मेमसाहेबांच्या छत्र्या. दुसरा आपल्या आज्या-पणज्यांच्या तोंडून. त्यात कोरेगावचा रणस्तंभ, महारांच्या पलटणी, सुभेदार रामजी, पेन्शनीचे कागद. ह्या दोन्हींत एक माणूस कुठंच धड दिसत नाही. तो म्हणजे साधा गोरा शिपाई, टॉमी. साहेबाला त्याची लाज वाटायची म्हणून त्यानं त्याला बाजूला ठेवलं. आणि आपण, गोरा म्हणजे साहेबच, असं धरून चाललो.

पण पुणे, खडकी, देवळाली, अहमदनगर, महू ह्या छावण्यांत जे गोरे शिपाई समुद्र ओलांडून आणून ठेवले होते, त्यांच्यात एक भांडण कायम धुमसत होतं. बायकापोरांचा शिपाई एका बाजूला, सडा शिपाई दुसऱ्या बाजूला. हे भांडण कुणी लावलं आणि त्याची किंमत कुणी मोजली हे शोधत गेलं की वाट थेट आपल्या वस्तीत येते. म्हणून हा लेख.

आधी हा टॉमी कोण ते बघू. आयर्लंडातला भुकेला शेतमजूर, लंडनच्या गल्लीतला पोरका पोरगा, यंत्रमाग आले म्हणून हातमाग बसला आणि पोटासाठी पलटणीत शिरला असा विणकर. रोज एक शिलिंग पगार, त्यातून खाण्याचे-कपड्याचे पैसे कापून हातात काय पडायचं ते पडायचं. वर अधिकाऱ्यांच्या जागा १८७१ पर्यंत चक्क विकत मिळत. बापाकडं पैसा असेल तर विशीतलं पोरगं कॅप्टन, नसेल तर जन्मभर बंदूक खांद्यावर. हिंदुस्थानात तर ह्या शिपायांची माती होत होती. १८६३ साली राणीच्या सरकारच्या कमिशननं हिशेब मांडला तेव्हा दर हजारी ६९ शिपाई वर्षाला मरत असल्याचं निघालं. फ्लोरेन्स नाइटिंगेलबाईंनी ह्या आकड्यांवरून रान उठवलं. बहुतेक मरण लढाईतलं नव्हतं. कॉलरा, हगवण, ताप, यकृत आणि दारू.

आता लग्नाचं. ब्रिटिश पलटणीत शिपायानं लग्न करायचं तर कर्नलची परवानगी लागे. परवानगी मिळाली तर बायकोचं नाव पलटणीच्या पटावर चढे. पटावरच्या बायकोला राहायला जागा, थोडा शिधा, बोटीचं भाडं, आजारात दवाखाना. परवानगीशिवाय लग्न केलं तर ती बाई पटाबाहेरची. लग्न चर्चमध्ये झालेलं असो, पोरं झालेली असोत, सरकारच्या लेखी ती नाहीच. आपल्या गिरणीत कायम कामगार आणि बदली कामगार असायचे, तसंच हे. काम दोघांचं तेच, पण एकाचं नाव मस्टरवर आणि दुसरा फाटकाबाहेर उभा. फरक एवढाच की इथं बदली ठरवली होती ती माणसाची बायको.

पटावरच्या जागा किती? एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पलटण परदेशी निघाली की शंभर माणसांमागे सहा बायका, आणि हिंदुस्थान लांब म्हणून इकडं बारा. बारा! बाकीच्यांचं काय? पलटण निघायच्या वेळी चिठ्ठ्या टाकत. एका चिठ्ठीवर 'जायचं', दुसरीवर 'नाही जायचं'. बायका टोपीतून चिठ्ठी उचलत. नाही निघालं की नवरा बोटीवर आणि ती पोरांसकट बंदरावर. हिंदुस्थानातली नोकरी दहा-दहा, बारा-बारा वर्षांची. त्यातून तो परत येईल ह्याची खात्री कुणी द्यावी, हजारी ६९ च्या हिशेबात! मागं राहिलेल्या बाईला गावच्या धर्मादायावर किंवा रस्त्यावर जगायचं. चिठ्ठी उचलून परतणाऱ्या त्या बाईचं चित्र कुठल्याही विजयस्तंभावर कोरलेलं नाही.

ज्या बारा निघत त्यांची तरी काय चैन होती? विलायतेतल्या बराकीत बरीच वर्षं नवराबायकोला वेगळी खोलीच नव्हती. वीसतीस सड्या शिपायांच्या हॉलमध्ये एका कोपऱ्यात दोरी बांधायची, तिच्यावर घोंगडी टाकायची, तो संसार. त्या घोंगडीआड बाळंतपणं झाली. सडा शिपाई कुढायचा, ह्यांच्या पोरांच्या रडण्यानं झोप नाही, बोलायची-चालायची मोकळीक नाही. बाई कुढायची, अंगावरचं कापड बदलायचं तर वीस डोळे. दोघांचंही खरं होतं. आपल्या गिरणगावातल्या चाळीत एका खोलीत गावकीचे वीस गाळेकरी पाळीपाळीनं झोपत आणि पलीकडच्या खोलीत कुटुंबवाला राही. नळावरून, संडासावरून, नजरेवरून त्यांची भांडणं कशी होत हे ज्यांनी आजोबांकडून ऐकलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको. जागा देणारा मालक त्या भांडणात कधीच सापडत नसे.

हिंदुस्थानात जागा मुबलक. म्हणून इथं बराकीच्या मागच्या अंगाला लग्नवाल्यांसाठी लहान लहान खोल्यांची रांग बांधत. ह्या रांगेला गोरे शिपाई म्हणत 'पॅचरी'. हा शब्द नीट धरून ठेवा. १८८६ साली युल आणि बर्नेल ह्या दोघांनी साहेबी हिंदुस्थानी शब्दांचा मोठा कोश छापला, 'हॉब्सन-जॉब्सन'. त्यात त्यांनी ह्या शब्दाचं मूळ शोधलंय. एक अंदाज असा की बराकीच्या पिछाडीला म्हणून हा शब्द. पण त्यांचा कल दुसरीकडं आहे. मद्रासकडून शिपायांच्या तोंडी चढलेला तमिळ शब्द, परैच्चेरी. परैच्चेरी म्हणजे परैयांची चेरी, गावाबाहेरची अस्पृश्यांची वस्ती.

म्हणजे महारवाडा! जगावर राज्य करणाऱ्या पलटणीनं आपल्याच बायकापोरांच्या वस्तीला नाव दिलं ते महारवाड्याचं. विद्यापीठातल्या पंडितांनी हा कोश चाळला असेलच, पण त्यांना ह्यात काही विशेष वाटलं नसावं. मला वाटलं. मुद्दाम खिजवायला कुणी हे नाव ठेवलं असं नाही. शिपायानं गाव बघितलं, गावाच्या कडेला दाटीवाटीची खोपटी बघितली, आपल्या बराकीच्या कडेची खोपटी बघितली आणि तोच शब्द उचलला. शिपायाला शाळा नव्हती पण डोळे होते.

गोऱ्यांच्यात जात नाही असं म्हणणाऱ्यांनी आणखी एक ऐकावं. ब्रिटिश लष्करात बोलायची रीत होती की अधिकाऱ्यांच्या त्या 'लेडी', सार्जंटांच्या त्या 'वाइफ' आणि शिपायांच्या त्या 'वुमन'. तीन दर्जे, तीन शब्द. नवऱ्याच्या बिल्ल्यावरून बाईची जात ठरे.

आता बराकीत सड्या शिपायाचा दिवस कसा जायचा ते बघा. उन्हाळ्यात पहाटे कवायत. नऊच्या सुमारास ऊन चढलं की बराकीत कोंडायचं, संध्याकाळपर्यंत बाहेर पाय टाकायचा नाही. पंखा ओढायला कुळवाडी-महारांची पोरं. हा खाटेवर पडलेला, पत्ते कुटायचे, बूट घासायचे, कँटीनची दारू ढोसायची. वाचता येणारे थोडे. वय वीस-बावीस. घर सहा हजार मैलांवर. देवळालीची गोष्ट आपल्याच नाशिक जिल्ह्यातली. १८६१ पासून तिथं येणाऱ्या-जाणाऱ्या फौजेचा तळ होता. नोकरी संपलेले शिपाई तिथं आणून ठेवत, आणि बोटी थंडीच्या हंगामातच सुटत. बोट चुकली तर महिनोन् महिने नुसतं बसून राहायचं. काम नाही, घर नाही. माणसं भ्रमिष्ट होत. इंग्रजीत आजही डोकं फिरलेल्या माणसाला 'डुलाली' म्हणतात. तो शब्द म्हणजे आपलं देवळाली.

आणि ह्या कोंडलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर पॅचरी. तिथं चूल, तिथं चहाचं आधण, तिथं पोर दारात खेळतंय. उन्हाळा कडक झाला की पलटणीची बायकापोरं डोंगरावर धाडत आणि सडे मागं तापत राहत. पटावर चढलेला शिपाई बराकीच्या कॉर्पोरलच्या नजरेतून सुटला, स्वतःच्या भांड्यात जेवला. मत्सर होणार नाही तर काय? दुसऱ्या अंगानं पॅचरीतल्या बाईला बघा. शंभर पुरुषांमागे दहाबारा बायका. आडावर जाताना, बाजारात जाताना शेरे. विलायतेत ती सड्यांचे कपडे धुऊन चार पैसे मिळवायची. इथं ते काम धोब्याकडं गेलं, तिची कमाई गेली, आणि मग अधिकारी लिहितात की शिपायांच्या बायका आळशी नि दारूबाज. हे अधिकारी आणि आपले मुकादम एकाच शाळेत शिकले असावेत.

नवरा मेला की तिची आणखी कुतरओढ. विधवेला काही महिने थोडा भत्ता, मग पटावरून नाव बाद. म्हणून महिन्या-दोन महिन्यांत दुसरं लग्न. पहिल्याला मूठमाती देऊन येतानाच मागण्या येत. पलटणीत ह्यावर विनोद चालत, मेमसाहेब नाकं मुरडत. नाक मुरडायचं काय त्यात? शिधा पाहिजे तर पटावर पाहिजे, पटावर पाहिजे तर नवरा पाहिजे. तेरा-चौदा वर्षांच्या मुलींचीही लग्नं तिशी-पस्तिशीच्या शिपायांशी लावत. आणि ज्या शिपायांनी इथल्या काळ्या बायकांशी घर केलं त्यांचं काय? पलटण विलायतेला परत निघाली की त्या बायकांचं आणि पोरांचं भाडं सरकार भरत नसे. अशा किती बायका बंदरावर उभ्या राहिल्या कोण मोजणार. विलायतेच्या बंदरावर एक, मुंबईच्या बंदरावर दुसरी. नवरा तोच.

१८५७ नंतर सरकारनं गोरी फौज वाढवली, साठ-सत्तर हजारांच्या घरात नेली. एवढ्या माणसांच्या बायका आणायच्या म्हणजे बोटी, खोल्या, शिधा, शाळा, दवाखाना. तिजोरीवर बोजा. सरकारनं दुसरा हिशेब केला. १८६४ चा छावणी कायदा आणि १८६८ चा संसर्गजन्य रोगांचा कायदा, ह्या दोन्हींनी पलटणीच्या बाजारातल्या बायकांची नोंद ठेवायची पद्धत पक्की केली. ज्या बायका गोऱ्या शिपायांसाठी त्यांची वेगळी यादी, त्यांना देशी माणसाकडं जायला बंदी. ठरल्या मुदतीनं तपासणी. रोग निघाला की लॉक हॉस्पिटलात कोंडायचं. शिपायाची तपासणी मात्र नको, त्याचा मान दुखावतो! ह्या वस्तीला लाल बाजार म्हणत, चकला म्हणत. बायकांवर एक महालदारीण नेमत, नव्या पोरी आणायचं कामही तिच्याच गळ्यात.

ह्याचं समर्थन कसं करत ते महत्त्वाचं आहे. सडा शिपाई मोकाट सुटला तर पॅचरीतल्या कुटुंबांची अब्रू धोक्यात येईल, म्हणून बाजार पाहिजे. म्हणजे आधी लग्नाला परवानगी नाकारायची, मग त्या नाकारलेल्या माणसाची भीती लग्नवाल्यांना घालायची, आणि दोघांच्या मधे भिंत म्हणून तिसरीच बाई उभी करायची. घरातल्या बायकांची अब्रू राखायला गावकुसाबाहेरची बाई. ही युक्ती आपल्याला नवी नाही. पाटलाच्या वाड्यानं हजार वर्षं हेच केलं. तिथं तिला देवाच्या नावानं सोडलं, इथं सरकारी रजिस्टरात घातलं.

१८७० साली आणखी एक कायदा झाला, लहान मुदतीच्या नोकरीचा. आधी शिपाई उमेदीची सगळी वर्षं पलटणीत घालवी. आता सुरुवातीला सहा वर्षं प्रत्यक्ष नोकरी आणि पुढं राखीव दलात. ऐकायला बरं. पण पटावर लग्न चढवायचा नियम काय होता? सात वर्षं नोकरी आणि चांगल्या वागणुकीचा बिल्ला. सहा वर्षांची नोकरी नि सात वर्षांची अट! साध्या शिपायांत पटावरच्या जागाही शेकडा सातवर आणून ठेवल्या. झालं, बराकी कोवळ्या सड्या पोरांनी भरून गेल्या. परिणाम दवाखान्यात दिसला. १८९५ साली गुप्तरोगानं दवाखान्यात दाखल होण्याचं प्रमाण गोऱ्या फौजेत दर हजारी पाचशेच्या वर गेलं. एकच शिपाई दोनदा-तीनदा दाखल व्हायचा हे धरूनही आकडा भयंकर आहे. हे सगळं 'नेटिव्ह' बायकांच्या माथी मारलं गेलं.

मधल्या काळात १८८६ साली लष्कराच्या मुख्य कचेरीतून एक परिपत्रक निघालं. पलटणीच्या बाजारात बायका पुरेशा असाव्यात, दिसायला बऱ्या असाव्यात, त्यांना नीट घरं द्यावीत, अशा त्यात सूचना. सरसेनापती होते लॉर्ड रॉबर्ट्स. १८८८ साली हे विलायतेत फुटलं आणि बोंब झाली. जोसेफीन बटलर ह्या बाईंनी आधी विलायतेतलेच असले कायदे १८८६ पर्यंत लढून रद्द करवले होते, कारण तिथंही छावणीच्या गावात पटाबाहेरच्या गरीब बायकांवर पोलीस वेश्या म्हणून संशय घेत. पार्लमेंटनं ठराव केला, हिंदुस्थानातली पद्धत बंद करा. कागदावर बंद झाली. १८९१-९२ साली एलिझाबेथ अँड्र्यू आणि डॉक्टर कॅथरीन बुशनेल ह्या दोन अमेरिकन बायका छावण्या-छावण्यांतून फिरल्या, चकल्यातल्या बायकांशी बोलल्या आणि १८९३ साली लंडनच्या समितीपुढं सांगितलं की सगळं पूर्वीसारखंच चालू आहे. रॉबर्ट्सनी आधी नाकारलं, मग लेखी माफी मागितली. आणि १८९७ साली रोगाच्या आकड्यांचं कारण पुढं करून नियम नव्या नावानं परत आलेच.

टॉमीच्या स्वतःच्या तोंडचंही थोडं आहे. फ्रँक रिचर्ड्स नावाचा वेल्सच्या कोळसा खाणीतला पोरका मजूर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शिपाई म्हणून इकडं आला. १९३६ साली त्यानं आपल्या हिंदुस्थानातल्या नोकरीवर पुस्तक लिहिलं. आग्ऱ्याला फक्त गोऱ्या फौजेसाठी राखून ठेवलेली गल्ली होती हे त्यानं बिनदिक्कत लिहून ठेवलंय. तो काळ्या माणसाला कमीच लेखतो, ते वाचताना टाळकं फिरतं. तरी मी म्हणतो, वाचा. कामगारानं लिहिलेलं आहे, साहेबाच्या दहा ग्रंथांत नाही ते त्यात सापडतं.

आता आपल्या लायनीत येऊ. मुंबई लष्करातल्या देशी पलटणींची रीत वेगळी होती. देशी शिपायाला बराक नव्हती. त्यानं भत्ता घेऊन लायनीत स्वतःची झोपडी उभारायची. पण मुंबई लष्करात बायकापोरं जवळ ठेवता येत. गोऱ्याला पक्की बराक आणि संसार नाही, काळ्याला कुडाची झोपडी आणि संसार आहे! सरकारनं हे दयेपोटी केलं नाही, त्यात त्याचा खर्च वाचत होता. पण त्या कुडाच्या झोपडीनं आपल्याला काय दिलं बघा. पोरं बापाजवळ राहिली, म्हणून पलटणीच्या शाळेत बसली. लष्करात शिपायांच्या मुलांना शिक्षण सक्तीचं होतं हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय. गावात ज्यांना चावडीची पायरी बंद, त्यांच्या मुली लायनीत वाचायला शिकल्या. रामजी सुभेदार लष्करी शाळेचे हेडमास्तर होते. १४ एप्रिल १८९१ ला महूच्या काळी पलटण भागात त्यांचं चौदावं मूल जन्मलं. बुशनेलबाई हिंदुस्थानात उतरल्या तेच साल.

पुढच्या वर्ष-दोन वर्षांत, १८९२-९३ च्या सुमारास, महारांची लष्करभरती बंद झाली. कारण काय, तर लढाऊ जाती वेगळ्या असतात आणि आपण त्यात बसत नाही. हे लढाऊ जातींचं खूळ लष्करात रुजवणारा सगळ्यात मोठा माणूस म्हणजे हेच लॉर्ड रॉबर्ट्स. ज्यांच्या अमलात बाजारात बऱ्या बायका पुरवायचं परिपत्रक निघालं, त्यांच्याच अमलात आपल्या पुरुषाला बंदुकीला नालायक ठरवलं. भरती बंद म्हणजे लायनीतली झोपडी बंद, शाळा बंद, परत गाव आणि परत येसकरकी. आणि बाजाराचा दरवाजा उघडाच. कोरेगावला दर १ जानेवारीला आपण जातो, छाती काढून जातो, जायलाच पाहिजे. पण एकोणिसाव्या शतकातल्या छावणीकडं बघताना ही दोन कागदपत्रं शेजारी शेजारी ठेवून बघावीत असं मला वाटतं.

पुण्याच्या शिवराम जानबा कांबळ्यांना हे कळलेलं होतं. त्यांचं आयुष्य पुण्यात गेलं, साहेबाची छावणी त्यांनी जवळून बघितलेली. १९१० साली त्यांनी विलायत सरकारकडं अर्ज धाडला, आमच्या लोकांना लष्करात, पोलिसात परत घ्या म्हणून. आणि त्याच दोन-तीन वर्षांत आपल्या 'सोमवंशीय मित्र' मासिकातून मुरळ्या सोडण्याच्या चालीविरुद्ध मोहीम चालवली, मुरळ्यांची लग्नं लावून देण्याचा आग्रह धरला. पुरुषाला लायनीत जागा मागायची आणि बाईला बाजारातून काढायचं, ही दोन कामं त्यांनी वेगळी धरली नाहीत. १६ जून १९३६ ला परळच्या दामोदर हॉलमध्ये मुरळ्या, जोगतिणी, देवदासींच्या सभेत बाबासाहेबांनी कामाठीपुरा सोडा, संसार करा असं सांगितलं, तेव्हा ते ह्याच वाटेनं पुढं चालत होते. पाच वर्षांनी, १९४१ ला, महार रेजिमेंट उभी राहिली.

महार रेजिमेंटवर पुस्तकं निघतील, निघालीही आहेत. लायनीतल्या बायकांवर आणि लाल बाजारातल्या बायकांवर आपल्याकडं काही नाही. मंडळातल्या ज्या कार्यकर्त्यांची घरं खडकी, घोरपडी, देवळाली, नगर, कामठीच्या छावणीच्या कडेला आहेत, त्यांनी घरातल्या म्हाताऱ्यांजवळ बसावं. कुठल्या लायनीत कोण राहत होतं, शाळा कुठं भरायची, बाजाराची गल्ली कुठली होती आणि तिथल्या बायका पुढं कुठं गेल्या, हे त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवून आणावं. नावं सांगायला लाजतील. नाव नको म्हणाल्या तर नाव लिहू नका, पण बाकीचं सोडू नका. आलेलं पुढच्या अंकांतून थोडं थोडं छापू.